सगळं ठरलेलंच असेल, तर आईवर राग कशाला?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पत्रलेखक चोविशीतले, कोल्हापूरचे. घरची मार्केट यार्डात गुळाची अडत आहे. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदाची लेखी परीक्षा ते पास झाले, पण वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांमधले आकडे वाचता न आल्यानं, म्हणजे तांबड्या-हिरव्याच्या रंगदोषामुळे, बाद झाले. ‘हे आईकडून येतं’ असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्यांचं आईशी बोलणं तुटक झालंय. सौद्याच्या वेळी गुळाच्या ढेपा, म्हणजे रवे, बघून वडील ‘हा रवा तांबूस, तो पिवळा’ म्हणतात तेव्हा यांना दोन्ही सारखेच दिसतात. मित्र विचारतात, ‘भावा, मग तांबडा रस्सा तुला हिरवा दिसतो काय?’ ते लिहितात: ‘मला काय दिसतं ते कुणाला कळणार नाही, आणि बाकीच्यांना काय दिसतं ते मला कळणार नाही. एका व्हिडिओत बघितलं, आपल्या आधी मेंदूच निर्णय घेऊन मोकळा होतो. म्हणजे डोळे ठरलेले, निर्णयही ठरलेले. मग दुसऱ्या परीक्षेचा अर्ज तरी कशाला भरायचा?’

उत्तर:

रेल्वेनं तुम्हाला ‘अनफिट’ ठरवलं ती गोष्ट लहान आहे, मोजता येण्यासारखी आहे. तिच्यावर तुम्ही दोन मजले चढवलेत: ‘माझा अनुभव जगापासून तुटलेला आहे’ आणि ‘माझ्या हातात काहीच नाही’. खालची गोष्ट खरी आहे म्हणून वरचे मजले आपोआप खरे ठरत नाहीत. म्हणून आधी खालचं बघू.

डोळ्यांतल्या दृष्टिपटलावर रंगांसाठी तीन जातींच्या शंकूपेशी असतात. एक जात सुमारे 420 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला (तरंगलांबीवरून प्रकाशाचा रंग ठरतो) सर्वाधिक प्रतिसाद देते, दुसरी 530च्या आसपास, तिसरी 560च्या आसपास. एकट्या पेशीला रंग कळतच नाही. ‘इतका प्रकाश पडला’ एवढंच ती सांगते. तांबडा की हिरवा हे मेंदू दोन जातींच्या संदेशांची तुलना करून ठरवतो. 530 आणि 560 या दोन जाती आधीच एकमेकींना खेटून आहेत. त्यातली एक सरकून दुसरीच्या आणखी जवळ गेली, की दोघींचा संदेश जवळपास एकच येतो आणि तुलनेतून फारसं काही हाती लागत नाही. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हाच, 530वाली जात 560कडे सरकण्याचा. त्याला ड्यूटेरॅनोमली म्हणतात.

गुळाचं उदाहरण घ्या. काळपट रवा तुम्हाला बरोबर ओळखता येत असणार, कारण फिकं आणि गडद यांतला फरक तुमच्या डोळ्यांत शाबूत आहे. अडतं ते एकाच गडदपणाच्या दोन रव्यांत, जिथे एक तांबूसकडे झुकतो आणि दुसरा पिवळ्याकडे. मित्रांना द्यायचं उत्तरही यातच आहे. तांबडा रस्सा तुम्हाला हिरवा दिसत नाही. तांबड्या-हिरव्यातलं अंतर तुम्हाला कमी दिसतं. रश्श्याच्या तर्रीवर कोथिंबीर चटकन उठून दिसत नसेल, एवढंच.

आता तुमचं गृहीतक: ‘बाकीचे सगळे एकच रंग बघतात, मी तेवढा वेगळा.’ हे खरं नाही. 560वाल्या पेशीतल्या प्रथिनात 180व्या जागेवर काही पुरुषांत सेरिन हे अमिनो आम्ल असतं, काहींत अ‍ॅलानिन. दोन्ही गटांची नजर ‘नॉर्मल’, दोन्ही गट ठिपक्यांची चाचणी पास होतात. पण अ‍ॅनोमॅलोस्कोप नावाच्या यंत्रात 670 नॅनोमीटरचा तांबडा आणि 546चा हिरवा प्रकाश मिसळून 589च्या पिवळ्याशी जुळवायला सांगितलं, तर दोन्ही गट मिश्रणाचं प्रमाण थोडं वेगवेगळं ठेवतात. एकाला ‘अगदी जुळलं’ वाटतं ते दुसऱ्याला किंचित तांबूस वाटतं. तुमच्या अडतीत बोली लावणाऱ्या व्यापाऱ्यांतही हा फरक असणारच, आणि सौदे बिनबोभाट चालतात. 2015 मध्ये एका झग्याच्या फोटोवरून जगभर वाद पेटला होता तो आठवा. काहींना निळा-काळा दिसला, काहींना पांढरा-सोनेरी. फोटो एकच. झग्यावर उजेड कसला पडलाय याचा ज्याच्या मेंदूनं जो अंदाज बांधला, त्याप्रमाणे त्याला रंग दिसला.

तरी तुम्ही म्हणाल की मुद्दा आणखी खोल आहे: दुसऱ्याच्या मनातला तांबडा मला दिसणार कसा? प्रश्न जुना आहे. 1690च्या सुमारास जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानं तो मांडला. झेंडू बघून एकाच्या मनात जे उमटतं तेच दुसऱ्याच्या मनात जांभळं व्हायोलेट फूल बघून उमटत असेल तर? दोघंही लहानपणापासून झेंडूला केशरीच म्हणत आले, दसऱ्याला तोरणासाठी दोघंही तीच फुलं निवडणार. फरक कधीच उघड होणार नाही.

इथे तुमची गल्लत होतेय. लॉकच्या कोड्यातला फरक कुठल्याच चाचणीत सापडत नाही, आणि तुमचा सापडला. टोकियोच्या शिनोबू इशिहारा यांनी 1917 साली छापलेल्या ठिपक्यांच्या पाट्यांनी तो काही मिनिटांत बाहेर काढला. जो फरक कागदावर पकडता येतो तो खाजगी नव्हे. तुम्हाला कुठल्या दोन छटा वेगळ्या करता येत नाहीत, कुठल्या उजेडात गोंधळ वाढतो, हे सगळं दुसऱ्याला सांगता येतं, दाखवता येतं आणि त्यावर उपायही करता येतात. त्यापलीकडे जे उरतं, म्हणजे ‘मला तांबडा नेमका कसा वाटतो’, ते तुमच्याइतकंच तुमच्या वडिलांचंही खाजगी आहे. दातदुखीसुद्धा तशीच. त्यात तुमच्या वाट्याला वेगळा एकाकीपणा आलेला नाही.

या उरलेल्या भागावर तत्त्वज्ञांचं एकमत नाही, आणि माझ्या मते इतक्यात होणारही नाही. फ्रँक जॅक्सन यांनी 1982 मध्ये एक कल्पना मांडली: मेरी नावाची शास्त्रज्ञ जन्मापासून काळ्या-पांढऱ्या खोलीत राहते, रंगांचं सगळं विज्ञान तिला मुखोद्गत आहे. बाहेर येऊन ती पहिल्यांदा तांबडा रंग बघते तेव्हा तिला नवं काही कळतं का? ‘कळतं’ असं जॅक्सन तेव्हा म्हणाले, आणि पुढे स्वतःच त्या मतावरून मागे फिरले. ज्या प्रश्नावर मांडणाराच ठाम राहिला नाही, त्याच्या जोरावर परीक्षेचा अर्ज फाडू नये.

आता तो व्हिडिओ. त्यातला प्रयोग बहुधा बेंजामिन लिबेट यांचा, 1983चा. माणसांना घड्याळासारख्या तबकडीसमोर बसवलं. तिच्यावरचा ठिपका 2.56 सेकंदांत एक फेरी मारायचा. ‘वाटेल तेव्हा मनगट हलवा, आणि हलवावंसं वाटलं तेव्हा ठिपका कुठे होता ते सांगा’ अशी सूचना होती. मेंदूतला विद्युत-संकेत हालचालीच्या सुमारे 550 मिलिसेकंद आधी चढायला लागला, आणि ‘आता हलवू’ ही जाणीव सुमारे 200 मिलिसेकंद आधी झाल्याचं माणसांनी सांगितलं. मधल्या साडेतीनशे मिलिसेकंदांवरून ‘मेंदू आधीच ठरवतो’ हे वाक्य जन्माला आलं. 2008च्या एका मेंदू-स्कॅनच्या प्रयोगात तर डावं बटण दाबणार की उजवं याचा अंदाज काही सेकंद आधी बांधता आला. व्हिडिओत बहुतेक वेळा गाळलं जातं ते असं, की तो अंदाज सुमारे 60 टक्के वेळाच बरोबर आला. नाणं उडवलं तरी 50 टक्के येतोच.

लिबेट यांच्या निष्कर्षावर 2012 मध्ये आरन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी मोठी शंका घेतली. मेंदूत विद्युत चढउतार सतत चालू असतात. हलण्याचं काही कारणच नसेल, तर योगायोगानं चढ उंच गेलेला असतो तेव्हाच हालचाल होते. मग हालचालीपासून मागे मोजत शेकडो नोंदींची सरासरी काढली, की आधीपासून चढत आलेली रेघ दिसणारच. त्या चढाला ‘निर्णय’ म्हणायचं की नुसती खळबळ, हा वाद चालू आहे. शिवाय त्या प्रयोगात मनगट कधी हलवायचं याला कारण नसावं अशीच अट होती. कुठलं पद, पगार किती, घरापासून लांब राहायचं का, दुकान कोण बघणार, असा महिनाभर विचार करून भरलेल्या अर्जाबद्दल हा प्रयोग काही सांगत नाही.

समजा, तरीही सगळं कार्यकारणानं बांधलेलं आहे. तुमचे अणू, मेंदू, उद्याचा निर्णय, सगळंच. मला हे अशक्य वाटत नाही. पण ‘सगळ्याला कारण असतं’ आणि ‘मी काहीही केलं तरी फळ तेच’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिला नियतिवाद, दुसरा निव्वळ दैववाद. तुमचेच दोन निकाल शेजारी ठेवा. वैद्यकीय तपासणीचा निकाल तुम्ही कितीही मेहनत केली असती तरी तोच लागला असता. लेखी परीक्षेचा निकाल अभ्यास न करता तोच लागला असता का? नाही. तुमचा अभ्यास हे त्या निकालाचं कारण होतं. तो अभ्यासही आधीच्या कारणांतून आला असेल, हरकत नाही. साखळीतली ती कडी काढली असती तर निकाल बदलला असता. ‘अर्ज कशाला भरायचा’ म्हणताना तुम्ही डोळ्यांना लागू असलेली गोष्ट हातांना लावताय.

आणि पत्रातली सर्वांत मोठी विसंगती तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. स्वतःपुरतं तुम्ही म्हणता, सगळं ठरलेलं आहे. आईवर मात्र रागावता. जैन आगमांत सद्दालपुत्त नावाच्या कुंभाराची कथा आहे. तो मक्खली गोशालाच्या आजीविक पंथाचा. प्रयत्न, पराक्रम सगळं व्यर्थ, जे व्हायचं ते नियतीनं ठरलेलं, असं मानणारा. महावीर त्याच्या कामाच्या जागी येऊन विचारतात, ‘ही मडकी प्रयत्नानं झाली की प्रयत्नाशिवाय?’ तो म्हणतो, ‘प्रयत्नाशिवाय; सगळं नियतच आहे.’ महावीर विचारतात, ‘मग कुणी येऊन ही मडकी फोडली तर?’ कुंभार उसळून म्हणतो, ‘शिव्या देईन, बडवून काढीन त्याला.’ महावीर म्हणतात, ‘सगळं ठरलेलं असेल तर कुणी काही फोडलंच नाही; मग मारणार कुणाला?’ नियतिवाद खरा की खोटा हे या कथेनं सिद्ध होत नाही. पण तो सोयीनुसार वापरता येत नाही, एवढं कुंभाराला कळलं. नियतिवाद मानायचाच असेल तर पहिली सूट आईला द्या.

आणि नसेल मानायचा, तरी आईचा दोष कुठे आहे? तांबड्या-हिरव्याची दोन्ही जनुकं एक्स गुणसूत्रावर एकमेकांशेजारी बसतात आणि जवळपास सारखी असतात. स्त्रीबीज तयार होताना गुणसूत्रांची देवाणघेवाण होते, तेव्हा ही जुळी जनुकं कधीकधी चुकीच्या जागी तुटून एकमेकांत मिसळतात. हे अनेक पिढ्यांमागेही घडलेलं असू शकतं. आईच्या दोन एक्सपैकी एकावर असं मिश्र जनुक असलं, तरी दुसऱ्याच्या आधारानं तिला स्वतःला रंग बहुधा नीट दिसतात, त्यामुळे तिला पत्ताही नसतो. मुलाला एकच एक्स मिळतो, तोही आईकडून; दोनपैकी कुठला जाणार हे निम्मं-निम्मं. ‘आईकडून’ या शब्दाचा अर्थ एवढाच. डॉक्टरांनी आणखी दोन वाक्यं बोलायला हवी होती. आजोळी आजोबांना किंवा एखाद्या मामाला पिकलेली-कच्ची मिरची ओळखायला अडचण यायची का, हे आईलाच विचारा. बोलणं पुन्हा सुरू करायला तो चांगला विषय आहे, आणि ‘यात तुझं काही चुकलेलं नाही, मी नीट समजून घेतलंय’ हे वाक्य मात्र स्पष्ट उच्चारा. अशा गोष्टी आया मनात धरून बसतात.

आता कामाचं. पहिलं म्हणजे दोषाचा प्रकार आणि तीव्रता जाणून घ्या. इशिहाराच्या पाट्या दोष आहे एवढं चांगलं सांगतात, तीव्रता तितकी नाही. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या किंवा कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या नेत्रविभागात डी-15 चाचणी होते का ते विचारा: 15 रंगीत टोप्या क्रमानं लावायच्या असतात, आणि सौम्य दोष असलेले बरेच जण ती नीट लावतात. मोबाइलवर पाट्या बघून निष्कर्ष काढू नका. स्क्रीनचे रंग आणि ब्राइटनेस सगळं बिघडवतात. खरी चाचणी दिवसाच्या उजेडात, 75 सेंटिमीटरवरून, पाटीला सुमारे तीन सेकंद देऊन होते. प्रकार कळणं का महत्त्वाचं? 560वाली जात बिघडली असेल तर तांबडा रंग मंदही दिसतो, म्हणजे रात्री पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट उशिरा लक्षात येऊ शकतात.

पुढचे अर्ज भरताना जाहिरातीच्या परिशिष्टातला वैद्यकीय वर्गाचा रकाना आधी बघा, पगाराचा नंतर. सहायक लोको पायलटला ए-1 लागतो, तो सर्वांत कडक. सी-1 आणि सी-2 वर्गांत रंगदृष्टीची अट नसते, आणि रेल्वेतली कारकुनी पदं साधारण सी-2 मध्ये येतात. ‘पाट्यांचे आकडे पाठ करून जा’ असा सल्ला देणारे क्लासच्या बाहेर भेटतील. पाट्या कुठल्याही क्रमानं दाखवतात, वर रंगीत दिव्यांच्या लँटर्नवरही तपासतात. आणि समजा, निभावलं. तरी रात्री पावसात लांबवरचा सिग्नल पाठ केलेला नसतो. वाहन परवान्याची मात्र काळजी नको: 2020च्या सुधारणेनंतर सौम्य आणि मध्यम रंगदोष असलेल्यांना परवाना मिळतो. सिनेमाच्या वाटेला जायचं असलेल्या वाचकांसाठी सांगतो, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटनं रंगदोषावरून प्रवेश नाकारू नये असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये दिलाय.

अडतीत बसायचं ठरलं तरी वाट बंद नाही. एका सकाळी दहा-बारा निरनिराळ्या रव्यांचे सुपारीएवढे तुकडे घ्या. वडिलांकडून तांबूस ते पिवळा असा क्रम लावून घ्या आणि प्रत्येकाच्या खाली कागदावर आकडा लिहून चिकटवा. मग तुकडे पांढऱ्या कागदावर मिसळून, खिडकीच्या उजेडात, पण थेट उन्हात नाही, तुम्ही क्रम लावा आणि आकडे उलटून बघा. तुमची चूक सगळीकडे विखुरलेली नसेल, ठराविक जोड्यांतच होईल. त्या जोड्या ओळखल्या की त्यांच्यापुरतं दुसऱ्याला विचारायचं, बाकीचे स्वतः ठरवायचे. हाच क्रम ट्यूबलाइटखाली पुन्हा लावून बघा; स्वस्त दिव्यांत चुका वाढल्या तर दुकानात 90च्या वर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेला, दिवसाच्या उजेडासारखा दिवा बसवा. तुकडे महिनोन्‌महिने नमुना म्हणून ठेवू नका, गुळाचा रंग बदलत जातो. हायड्रोस (रंग उजळवणारं रसायन) मारून पिवळा केलेला तर लवकर उतरतो. नुसत्या रंगावर गुळाची किंमत करण्याच्या बाजाराच्या सवयीबद्दल मला बरंच बोलायचंय, पण ते पुन्हा कधीतरी. कणी, कडकपणा आणि चव यांत तुम्ही कुणाच्या मागे राहायचं कारण नाही.

शेतावरच्या मोटरच्या वायरिंगला मात्र हात लावू नका. तीन फेज तांबडा, पिवळा, निळा आणि अर्थिंग हिरवं, यात तांबड्या-हिरव्याची चूक जिवावर बेतते. वायरमनकडून प्रत्येक तारेला अक्षराची पट्टी लावून घ्या. फोनमध्ये ‘कलर करेक्शन’ची सेटिंग असते, ती चालू करून बघा, काहींना तक्ते आणि नकाशे वाचायला बरी पडते. रंगीत काचांचे महागडे चष्मे काही छटांतलं अंतर वाढवून दाखवतात, नजर नॉर्मल करत नाहीत, आणि वैद्यकीय तपासणीत चालत नाहीत. जन्मजात दोष काढ्यानं किंवा थेंबांनी बरा करण्याच्या जाहिरातींना एक रुपयाही देऊ नका. 2009 मध्ये खारमाकडांवर जनुकोपचार करून त्यांना तांबडा-हिरवा वेगळा ओळखता आला हे खरं आहे, पण माणसांसाठी तसा उपचार अजून मिळत नाही.

ज्यांना रंग आधी नीट दिसायचे आणि आता फिके वाटतात, किंवा एकाच डोळ्याला फरक जाणवतो, त्यांच्यासाठी हे उत्तर नाही. त्यांनी लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं. क्षयरोगासाठी एथाम्ब्युटॉल चालू असेल तर विशेषच: डोळ्याच्या नसेवर त्याचा परिणाम सुरू होतो तेव्हा तांबड्या-हिरव्यातला फरक कमी होणं ही सुरुवातीची खूण असू शकते.

‘कशालाच अर्थ नाही’ ही भावना नुसती विचारापुरती असेल तर वर लिहिलेलं पुरे. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर तो तत्त्वज्ञानाचा प्रश्न नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

राहिली तुमची बहीण, जिचा पत्रात ओझरता उल्लेख आहे. आईचा तो एक्स तिच्याकडे आलेला असण्याची शक्यता निम्मी आहे. तिचा मुलगा चार-पाच वर्षांचा झाला की शाळेआधी त्याची नजर तपासून घ्यायला सांगा. आकडे न येणाऱ्या मुलांसाठी बोटानं गिरवायच्या नागमोडी रेघांच्या पाट्याही त्या संचात असतात. दोष निघालाच तर वर्गशिक्षिकेला एवढंच कळवायचं की हिरव्या फळ्यावर तांबड्या खडूनं लिहिलेलं त्याला वाचता येणार नाही, पांढरा वापरा. आणि रंगपेटीतल्या प्रत्येक खडूवर रंगाचं नाव लिहून द्यायचं.